सशाची शिंगे

जे मुळात नाहीच, ते समजावून सांगण्यासाठी आपल्या जुन्या शास्त्रकारांनी काही दाखले ठरवून टाकले आहेत. वांझेचा मुलगा, आकाशातले फूल आणि सशाचे शिंग. पहिल्या दोहोंविषयी मला काही म्हणायचे नाही. तिसऱ्याविषयी मात्र माझी थोडी तक्रार आहे. सशाला शिंगे फुटतात. ती मी पाहिली आहेत, आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर त्यांची खूणही आहे.

आपल्या भाषेने सशाच्या कपाळी भित्रेपणा लिहून ठेवला आहे. घाबरट माणसाचे काळीज सशाचे. कुणाची दारोदार फरफट झाली तर ती ससेहोलपट. कोजागिरीच्या रात्री आपण मुलांना चंद्रावरचा ससा दाखवतो. जातककथेतला तो ससाही कसा, तर भुकेल्या याचकासाठी स्वतःला अग्नीत झोकून देणारा. असा हा प्राणी गुरगुरेल, अंगावर येईल, रक्त निघेपर्यंत चावेल, ही कल्पनाच मनाला शिवत नाही. म्हणूनच की काय, गेल्या भाऊबीजेला आमचा कापश्या मला चावला तेव्हा अंगठ्यापेक्षा अभिमानाला अधिक झोंबले.

कापश्या आमच्याकडे आला तो ज्येष्ठातल्या एका आठवडी बाजारातून. मुलांचा हट्ट, दुसरे काय! रानात आपल्याला दिसतो तो ससा निराळा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्ले डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच जन्मतात, आणि त्याला धरणे-पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात मिळतो तो विलायती. त्याचे मूळ घर स्पेन-पोर्तुगालकडचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या बिळात वस्ती करून राहणे हा त्याचा स्वभाव. हे सारे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसले की, तळहातावर मावेल असा कापसाचा एक गोळा आहे आणि त्याचे नाक सारखे हलते आहे. विकणाऱ्याने “नर आहे, गुरुजी” असे छातीठोकपणे सांगितले, म्हणून नाव कापश्या.

चार महिने मोठ्या आनंदात गेले. कापश्या कुणाच्याही मांडीवर बसे, कोथिंबिरीच्या काड्या हातातून खाई. गणपतीसाठी आणलेल्या दूर्वांची जुडी त्याने पूजेआधीच संपवली, तेव्हा आमच्या आईनेही “देवालाच पोचल्या” म्हणून सोडून दिले. याच काळात मला त्याची एक गंमत सापडली. त्याला उताणे करून मांडीवर धरले आणि पोटावरून हात फिरवला की तो एकदम स्तब्ध होई. पाय आखडलेले, डोळे टक्क उघडे, हालचाल म्हणून नाही. पाहणारे म्हणत, “गुरुजींनी मोहिनी घातली!” आणि मला ते खरे वाटे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाक्यांचा नुसता कडकडाट चालला होता. कापश्या पलंगाखाली भिंतीला चिकटून बसला होता आणि थोड्या थोड्या वेळाने मागचा पाय जमिनीवर आपटत होता. सशाच्या भाषेत ही धोक्याची घंटा असते. बिळातल्या सर्वांना ऐकू जावी म्हणून तो ती वाजवतो. मला वाटले, स्वारी खुशीत आहे. फराळाला आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणाले, “ससा दाखवा ना.” मी पलंगाखाली हात घातला, मानेची कातडी धरून त्याला ओढून बाहेर काढले आणि सर्वांदेखत उताणे करून मोहिनी घातली. मंडळी खूश झाली. एकाने मोबाइलवर छायाचित्र काढले. ते अजून माझ्याजवळ आहे. त्यात मी हसतो आहे.

भाऊबीजेच्या सकाळी पाण्याची वाटी उचलायला पिंजऱ्यात हात घातला, आणि आतून गुरगुर ऐकू आली. ससा गुरगुरतो हेच मला ठाऊक नव्हते. कान मागे पाडून तो झेपावला, पुढचे दोन्ही पंजे हातावर मारले आणि अंगठ्यात दात रोवले. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी आलो तो धाकटी मुलगी दारात रडत बसलेली. तिला माझ्या अंगठ्याचे फारसे काही नव्हते. “तो आपल्यावर का रागावलाय?” एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. पिंजऱ्याजवळ पाऊल पडले की गुरगुर, हात दिसला की झेप. उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. शेजारचे नाना म्हणाले, “खाल्ल्या मिठाला जागत नाही ते जनावर. नाकावर एक टिचकी द्या, सरळ येईल.” मी ती दिली. कापश्या सरळ आला नाही. पूर्वी तो हात जवळ आल्यावर झेपावे, आता हात दिसताच झेपावू लागला. मग मी बागकामाचे जाड हातमोजे घातले. त्याला हात ओळखीचा होता तोही अनोळखी झाला. मग गाजराची लाच. गाजर खाऊन झाल्यावर तो त्याच उत्साहाने चावला, आणि त्यात मला त्याचा प्रामाणिकपणाच दिसला. बाजारातला विक्रेता ससा परत घ्यायला तयार होता. कशासाठी, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आई तेवढी शांत होती. ती म्हणाली, “त्याला बोलायला तोंड दिलं नाही देवानं. मग ते दातांनी बोलणार नाही तर काय करील?”

शेवटी त्याला टोपलीत घालून तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. गाई-म्हशींच्या रांगेत आमची टोपली पाहून लोक हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी आधी दात पाहिले. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. पुरेसे गवत चघळायला मिळाले नाही तर ते झिजत नाहीत, गालाला किंवा जिभेला टोचतात, आणि ठणका लागलेला प्राणी चिडतो. दात ठीक होते. मग त्यांनी आणखी तपासले आणि आता मात्र ते हसले. “गुरुजी, हा कापश्या नव्हे. ही कापशी आहे.”

त्यांनी सांगितले ते असे. मादी वयात आली आहे. पिंजरा हे तिचे बीळ आहे, त्यात हात घालणे म्हणजे परक्याच्या घरात न विचारता शिरणे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते, पण ऐन नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. समोरून आलेला हात शेवटच्या क्षणी जणू हवेतून प्रकटतो. सशाला उचलून नेतात ते घार आणि कोल्हा, म्हणजे उचलले जाणे याचा त्याला ठाऊक असलेला अर्थ एकच. अशा वेळी तो मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. मी माझ्या मोहिनीविषयी विचारले. डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाले, “ती झोप नव्हे, गुरुजी. ते मेल्याचे सोंग आहे. सुटायची आशा उरली नाही की ससा तसा पडतो.”

परतीच्या एस.टी.त टोपली मांडीवर घेऊन मी बसलो होतो. मी ज्याला विश्वास समजत होतो ती दहशत होती, आणि ती मी पाहुण्यांना खेळ म्हणून दाखवली होती. हे मनात आले आणि त्याच्या मागोमाग, न बोलावता, दुसरेच काही आले.

माझ्या वर्गाची शांतता आमच्या शाळेत नावाजलेली आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल, असे तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिले होते. या शांत वर्गात एक मुलगा होता. तो पाचवीत असताना सहलीच्या वर्गणीतले दोनशे रुपये सापडेनात. कुणीतरी त्याचे नाव घेतले आणि मी चाळीस मुलांसमोर त्याचे दप्तर टेबलावर उपडे केले. त्यातून अर्धी भाकरी, मोडका कंपास आणि चार गोट्या निघाल्या. पैसे दुसऱ्या दिवशी माझ्याच हजेरीपटाच्या वेष्टनात सापडले. मी त्याला व्हरांड्यात एकट्याला बोलावले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “झालं गेलं विसर, बाळ.” तो म्हणाला, “होय, गुरुजी.” माझ्या लेखी विषय संपला. आता तो सातवीत होता आणि मला एस.टी.त प्रथमच आठवले की, त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने एकदाही हात वर केला नव्हता. तो शहाणा झाला असे मी समजत होतो.

झाले गेले गंगेला मिळाले, असे आपण सहज म्हणतो. पण ते गंगेला सोडण्याचा अधिकार कुणाचा? ज्याचे गेले त्याचा. ज्याने घालवले त्याने ही म्हण उच्चारणे म्हणजे ऋणकोने स्वतःच खाते फाडून टाकण्यासारखे आहे. अपराध करणाऱ्याला विसरण्याची घाई असते, कारण विसरण्यात त्याचा लाभ आहे. ज्याच्यावर अपराध झाला त्याच्याजवळ मात्र ती आठवण हेच संरक्षण असते. सशाने हात विसरावा असे मी म्हणत होतो, म्हणजे त्याने आपली एकुलती एक ढाल खाली ठेवावी असे म्हणत होतो.

क्षमा आणि विश्वास यांत आपण गल्लत करतो. क्षमा एका क्षणात देता येते. उदार माणूस ती न मागताही देतो. विश्वास तसा देता येत नाही, द्यायची इच्छा असली तरीही नाही. तो शब्दच पाहा. विश्वास या शब्दात ‘श्वस्’ हा धातू आहे. मोकळेपणाने श्वास घेणे, निर्भय असणे, हा त्याचा मूळ अर्थ. आता कुणाला “मोकळा श्वास घे” असा हुकूम कसा सोडणार? फार तर छातीवरचा आपला हात काढून घेता येईल.

नाना म्हणतात की, हे सारे माणसांचे शब्द तुम्ही जनावराला चिकटवता. जनावराला कसला आला आहे विश्वास, असते ती नुसती सवय. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु माणसाचा विश्वास तरी नेहमी विचारांती ठरलेला असतो काय? वस्तऱ्याखाली मान देताना आपण न्हाव्याच्या शीलाविषयी चिंतन करत नाही. त्या हाताने आजवर इजा केली नाही, एवढी जुनी ओळख आपल्या मानेला पुरते. आणि मिठाला जागण्याविषयी म्हणाल, तर कापशी आमच्याकडे आपल्या पायांनी आली नव्हती. तिला पिंजऱ्यात आणून मग घातलेला चारा हा उपकार नव्हे. ते आमचे देणे आहे. त्याच्या मोबदल्यात प्रेम मागायला मला तरी जागा दिसत नाही.

मग करायचे काय? मी ठरवले की, काही करायचेच नाही, आणि तेच सर्वांत अवघड गेले. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवले. ती आत असताना आत हात घालायचा नाही. झाडलोट करायची ती ती बाहेर असताना. एका खोक्याला दोन बाजूंनी दोन दारे पाडून ते कोपऱ्यात ठेवले. बिळाला एकाहून अधिक वाटा असतात. एकच वाट असलेली जागा सशाला घरासारखी वाटत नाही, सापळ्यासारखी वाटते. ससे सांजसकाळी हिंडतेफिरते असतात, म्हणून रोज तिन्हीसांजेला मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तिच्या खोलीत जमिनीवर बसू लागलो. तिच्याकडे पाहायचे नाही, बोलवायचे नाही, हात पुढे करायचा नाही. कोथिंबिरीच्या दोन काड्या थोड्या अंतरावर ठेवायच्या आणि आपले तपासत बसायचे.

पहिले आठ दिवस ती खोक्याबाहेर आली नाही. नवव्या दिवशी पायाच्या अंगठ्याला काहीतरी ओलसर लागले. तिचे नाक होते. मी दचकलो आणि ती पळाली. मग आणखी तीन दिवस काही नाही. एकदा तिने इतिहासाच्या एका उत्तरपत्रिकेचा कोपरा कुरतडला आणि शिवरायांची आग्र्याहून सुटका अर्धी राहिली. त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले. तिसऱ्या आठवड्यात तिने आपली हनुवटी माझ्या चपलेवर घासली. सशाच्या हनुवटीखाली गंधाची ग्रंथी असते. जी वस्तू आपली म्हणायची तिच्यावर तो असा शिक्का मारतो. चप्पल मंजूर झाली होती, माणूस अजून विचाराधीन होता.

याच सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने पुण्याला नेऊन तिची शस्त्रक्रियाही करून घेतली. माद्यांना पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो, आणि वयात आल्याचा चिडखोरपणाही त्याने उतरतो. तिचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. अंगातली ऊब उतरवायला औषध आहे. पण माझ्या हाताची आठवण त्या ऊबेबरोबर उतरली नाही. ती उतरवायला मलाच बसावे लागले. माघाच्या अखेरीस एका संध्याकाळी कापशी माझ्या गुडघ्यापाशी आली आणि तिने मान खाली घालून डोके जमिनीला टेकवले. ससे एकमेकांना अशा रीतीने सांगतात की, आता माझे डोके चाट. मी हात बाजूने, तिला दिसेल असा नेला आणि कपाळावरून एक बोट फिरवले. तिचे दात अगदी हळू, एका लयीत वाजू लागले. मांजराची घुरघुर तशी ही सशाची. मी एकच बोट फिरवले आणि थांबलो. ती थोडी थांबली, आणि तिने पुन्हा डोके टेकवले.

इथे ही गोष्ट संपवली असती तर दिवाळी अंकाला शोभली असती. पण चैत्रात एकदा शाळेच्या घाईत मी तिला खोक्यातून सरळ ओढून काढले, आणि ती चावली. सगळे मुसळ केरात गेले असे वाटले. पुन्हा जमिनीवर बसणे आले. या वेळी मात्र ती सहाव्या दिवशीच बाहेर आली. तेव्हा ध्यानात आले की, बसलेली प्रत्येक संध्याकाळ कुठेतरी जमा होते. चूक झाली की त्यातले बरेच खर्ची पडते, पण खाते कोरे होत नाही.

दरम्यान शाळा चालूच होती. माझ्या लक्षात आले की, मी अपराध केला तो चाळीस मुलांसमोर, आणि भरपाई केली ती व्हरांड्यात, कुणी नसताना. फाल्गुनात एके दिवशी मी सातवीच्या वर्गात उभा राहिलो आणि दप्तराची हकिकत साऱ्यांना सांगितली. पैसे कुठे सापडले तेही सांगितले. “चूक माझी होती, आणि ती सांगायला मला दोन वर्षे लागली,” एवढे म्हणून मी भूगोलाचा धडा काढला. त्या मुलाकडे मी पाहिले नाही. त्याने काही म्हणावे अशी त्याच्यावर सक्ती नको होती. तो काही म्हणाला नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, त्याचा हात वर झाला नाही. जूनमध्ये तो हायस्कुलात गेला. आता रस्त्यात सायकलवरून जाताना भेटतो, “नमस्कार, गुरुजी” म्हणतो आणि पुढे जातो. पूर्वी मी त्याला थांबवून चौकशी केली असती, पाठीवर हात ठेवला असता. आता मी नमस्कार घेतो आणि त्याच्या वाटेतून बाजूला होतो. दुसरे दार त्याचे आहे. त्याने ते वापरले, ही माझी तक्रार होऊ शकत नाही.

कापशी आता मांडीवर बसत नाही. बहुधा कधी बसणारही नाही. मुलगी सुरुवातीला विचारी, “बाबा, ती पहिल्यासारखी केव्हा होईल?” मी तिला सांगतो की, पहिल्यासारखी नाही होणार. पहिला विश्वास होता तो तिला हात म्हणजे काय हे ठाऊक नव्हते म्हणून. तो तिने आम्हाला फुकट दिला आणि आम्ही तो फुकट घालवला. आता तिला सारे ठाऊक आहे. हात ओढतो, उताणे पाडतो, लोकांत हसतो, हे जाणून ती त्याच हाताखाली डोके टेकवते. घटकाभरच टेकवते, पण मला या घटकेची किंमत त्या चार महिन्यांहून अधिक वाटते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळी दारात आलेली असेल. मुलांनी आपणहून ठरवले आहे की, आमच्या अंगणात यंदा आवाजाचे काही लावायचे नाही. गल्ली आमच्या हाती नाही. म्हणून आतल्या खोलीच्या खिडक्या लावून, जाड पडदे सोडून, दोन दारांचे ते खोके आणि भरपूर सुके गवत तिथे ठेवणार आहोत. लक्ष्मीपूजन झाले की मी फराळाची ताटली घेऊन तिथे जमिनीवर जाऊन बसेन. फटाके वाजतील, ती पाय आपटील. या वेळी मला त्याचा अर्थ कळेल. ती खोक्यातून बाहेर येईल की नाही, हे मात्र तिचे तिने ठरवायचे आहे.